चित्रातलं घर कोण आवरतं?

आमच्या गावातल्या सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत बसावं लागतं. तिथं घरसजावटीचं एक जुनं इंग्रजी मासिक पडलेलं असतं. पानं निखळलेली, कोपरे दुमडलेले. त्यात एक मोठा पांढरा सोफा आहे, त्यावर तीन उश्या, समोर काचेचं टेबल आणि टेबलावर वाटीत पिवळीधमक लिंबं. माझ्या शेजारी बसलेले एक शेतकरी काका ते चित्र बराच वेळ न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, "भाई, ह्या घरात माणसं राहत्यात का? एक चप्पल दिसंना कुठं."

काकांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला ठाऊक होतं, ते माझ्या भाचीमुळे. ती मुंबईत अशाच मासिकांसाठी काम करते. तिच्या कामाला 'इंटिरिअर स्टायलिंग' म्हणतात. तिनं ही नोकरी धरली तेव्हा तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली होती, "दुसऱ्याची घरं आवरायला मुंबईला कशाला जायला पाहिजे? इथं आपलं पडलंय की." आपाचं म्हणणं तेव्हा हसण्यावारी गेलं. हे काम नक्की काय असतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आज तेच सांगणार आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. घर बांधतो तो वास्तुरचनाकार. आत भिंती, कपाटं, दिवे, फरशी कशी असावी हे ठरवतो तो इंटिरिअर डिझायनर. या दोघांचं काम संपलं, माणसं राहायला आली, की त्या घराचा फोटो काढायची वेळ येते. तेव्हा येतो तो स्टायलिस्ट. छायाचित्रकार कॅमेऱ्यामागं उभा असतो, स्टायलिस्ट कॅमेऱ्यासमोरची प्रत्येक वस्तू लावतो. डिझायनरचं काम वर्षानुवर्षं टिकावं लागतं. स्टायलिस्टचं काम फोटो निघेपर्यंत टिकलं तरी पुरतं. ती वाटीतली लिंबं घरमालकाची नव्हती. सकाळी बाजारातून आणली होती आणि संध्याकाळी कुणीतरी सरबत करून प्यालं असणार.

अशी मासिकं अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाली. 'हाउस ब्यूटिफुल' १८९६ चं, 'हाउस अँड गार्डन' १९०१ चं. आपल्याकडे १९७८ मध्ये मुंबईतून 'इनसाइड आउटसाइड' निघालं. 'आर्किटेक्चरल डायजेस्ट' या अमेरिकी मासिकाची भारतीय आवृत्ती आली २०१२ मध्ये. मराठीत घराचा विषय बराच काळ स्त्रियांच्या मासिकांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आला. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकाची पिवळी पडलेली पानं आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी स्वतः चाळली आहेत.

घर सजवायची हौस मात्र मासिकांहून फार जुनी आहे आणि तिचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. तेर हे गाव आपण गोरोबाकाकांचं म्हणून ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ होतं. तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती, भारतातून गेलेली हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या अवशेषांत मिळाली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. ती आरशाची मूठ असावी किंवा लहानशा टेबलाचा पाय, असं अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या कारागिराच्या हातची वस्तू दूरच्या कुणाच्या तरी दिवाणखान्याची शोभा होते, ही गोष्ट नवी नाही. कारागिराचं नाव मागं राहतं आणि वस्तू पुढं जाते, हीही नवी नाही. या मुद्द्यावर मी शेवटी परत येणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. भाचीच्या तोंडून जसं ऐकलं तसं सांगतो.

पहिली पायरी म्हणजे घर पाहून येणं. फोटोच्या आठ-पंधरा दिवस आधी स्टायलिस्ट त्या घरी जाते. कोणत्या खोलीत किती वाजता ऊन येतं हे लिहून घेते. पूर्वेच्या खिडकीची खोली सकाळी घ्यायची, पश्चिमेची दुपारनंतर. भिंतीचा रंग, पडद्याचा रंग, प्लगच्या जागा, लिफ्टमध्ये मोठी वस्तू मावते का, सोसायटीचा रखवालदार टेम्पो आत सोडेल का, सगळं वहीत टिपायचं. मोबाइलवर साधे फोटो काढायचे. मग मासिकाच्या संपादकांबरोबर बसून ठरवायचं, की या घराची गोष्ट काय आहे. पुस्तकांचं घर, की बागेचं, की आजी-नातवंडांचं?

दुसरी पायरी उसनवारीची. घरात जे कमी आहे ते दुकानांतून मागून आणायचं. गालिचा एकाकडून, दिवा दुसऱ्याकडून, मातीची भांडी तिसऱ्याकडून. दुकानदार वस्तू विकत नाही, दोन-तीन दिवसांसाठी देतो. बदल्यात मासिकात बारीक अक्षरात त्याच्या दुकानाचं नाव आणि वस्तूची किंमत छापायची. प्रत्येक वस्तूचं चलन बनतं. आधीच टवका उडालेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवायचा, नाहीतर भरपाई आपल्या गळ्यात. किमतीची चिठ्ठी फाडायची नाही, आत दुमडून ठेवायची. भाची म्हणते, "मामू, अर्धी नोकरी म्हणजे लग्नघरातली भांडी मोजून घेणं आणि मोजून परत देणं." आपल्याकडे पंगतीची भांडी आणताना कुणीतरी एक जाणता माणूस दारात वही घेऊन उभा असतो. तसंच हे.

तिसरी पायरी, प्रत्यक्ष दिवस. पहाटे टेम्पो निघतो. स्टायलिस्टच्या पिशवीत काय असतं ऐका. कपड्यांवर वाफ मारायचं यंत्र, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, टाचण्या, चिमटे, कात्री, मऊ फडकी, पाण्याचा फवारा आणि तंगूस. तंगूस दिसत नाही, म्हणून टांगलेली वस्तू सरळ धरायला तोच कामी येतो. पहिले दोन तास काही मांडायचं नसतं, काढायचं असतं. टीव्हीचा रिमोट, मोबाइलचे चार्जर, औषधांच्या पट्ट्या, केरसुणी, शाळेचं दप्तर, फ्रिजवरचं वेळापत्रक. पंख्याची वायर सोफ्यामागं चिकटवायची. सगळं एका खोलीत कोंबायचं आणि त्या खोलीचा फोटो काढायचा नाही. काकांनी शोधलेली चप्पल त्या खोलीत असते.

मग मांडणी. एकसारख्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की दुकान वाटतं, उंच-बुटक्या तीन ठेवल्या की घर वाटतं. उशी फुगवून तिच्या माथ्यावर हाताच्या कडेनं एक हलकी चापट मारायची, म्हणजे कुणीतरी आत्ताच टेकून उठलंय असं दिसतं. खुर्ची टेबलाला काटकोनात ठेवायची नाही, जराशी तिरकी. छायाचित्रकार कॅमेरा तिकाटण्यावर ठेवतो, छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर, म्हणजे भिंतीच्या उभ्या रेषा कलत नाहीत. ट्यूब बंद करतात, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकमेकांत मिसळले की रंग बिघडतात. रुंद कोनाच्या भिंगातून दहा बाय दहाची खोली पंधरा बाय पंधराची वाटते. एका फोटोला तास-दीड तास लागतो. दिवसभरात सहा-सात फोटो झाले तरी खूप. फोटो संगणकावर मोठा करून पाहायचा, कुंडी दोन बोटं डावीकडे सरकवायची, पुन्हा काढायचा.

आणि हे सगळं अंकाच्या दोन-तीन महिने आधी. दिवाळी अंकातल्या पणत्या आषाढ-श्रावणात लावलेल्या असतात. बाहेर पाऊस कोसळतोय, आत रांगोळी काढलेली आणि सगळे उन्हाच्या तिरिपेची वाट पाहत बसलेले. उन्हाची इतकी वाट आमचे शेतकरीसुद्धा राशीच्या वेळीच पाहत असतील.

संध्याकाळी कोंबलेली खोली उघडायची आणि प्रत्येक वस्तू होती तिथं परत ठेवायची. घरमालकिणीला तिचं घर परत द्यायचं. हे काम नीट करणाऱ्या माणसालाच पुढचं घर मिळतं.

पैशाचंही सांगतो, कारण ऐकणारी मुलं-मुली असतील. पक्की नोकरी थोड्यांना मिळते. बाकीचे दिवसाच्या किंवा कामाच्या हिशेबानं पैसे घेतात आणि बिल दिल्यावर बरेच दिवस थांबतात. सुरुवात ओझी उचलण्यापासूनच होते. त्यात छापील मासिकांची पानं कमी झाली, घरांची चित्रं मोबाइलवर गेली. इकिया ही स्वीडनची फर्निचर कंपनी १९५१ पासून दरवर्षी कॅटलॉग छापायची. २०१६ मध्ये त्याच्या वीस कोटी प्रती निघाल्या होत्या. २०२० च्या अखेरीस कंपनीनं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या कॅटलॉगमधल्या कित्येक खोल्या तर कधी अस्तित्वातच नव्हत्या, संगणकावर रचलेल्या होत्या. आता तर चार शब्द टाइप केले की यंत्र खोलीचं चित्र काढून देतं. मग स्टायलिस्टचं काय? हॉटेलं, होम-स्टे, कापडाच्या आणि भांड्यांच्या कंपन्या, ऑनलाइन दुकानं यांना अजून खऱ्या वस्तूंचे खरे फोटो लागतात. मासिकातलं शिक्षण तिथं उपयोगी पडतं.

शिकायला संस्था आहेत. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत अंतर्गत सजावटीचं शिक्षण मिळतं. माझी भाची मात्र तिथं गेली नव्हती. उमरग्याला शिकून ती मुंबईत एका स्टायलिस्ट बाईंच्या हाताखाली राहिली. इंग्रजीची भीती वाटायची. वर्षभरात तिच्या ध्यानात आलं, की तिच्याकडे एक भांडवल आहे, जे इतरांकडे नाही. तिला वस्तूंची नावं माहीत होती. शूटिंगसाठी जुन्या बाजारातून जातं आलं, रांजण आला, दगडी उखळ आलं. बाकीचे त्यांना एकच शब्द लावायचे, 'अँटिक'. जात्याचा खुंटा कोणता, पाळू कोणती, उतरंडीत सर्वांत खाली कोणतं गाडगं येतं, वाकळ आणि घोंगडं यांत फरक काय, हे तिला घरातच कळलं होतं. दिवळी म्हणजे नुसता भिंतीतला कोनाडा नव्हे, तिथं दिवा असतो आणि वर काजळीचा डाग असतो, हे तिला सांगावं लागलं नाही. सोफ्यावर वाकळ टाकली तर कोणती बाजू वर यायला हवी, हे ती सांगू लागली. हळूहळू संपादक तिला विचारू लागले.

आता ज्या मुद्द्यावर परत येतो म्हणालो होतो, तिकडे वळतो.

आपाचं सासर लोहारा भागात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झालं, हे आपल्या जिल्ह्यात सांगायला नको. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, गावं उशिरा झोपली होती. आपल्याकडची घरं माळवदाची. जाड दगडाच्या भिंती मातीत रचलेल्या, आत लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाडजूड थर. पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात असं घर थंड, थंडीत ऊबदार. पण भिंत सुटली तेव्हा तीच माती आणि तोच दगड अंगावर आले. लातूर आणि आपला जिल्हा मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. पुष्कळ ठिकाणी भिंती कोसळल्या, पण लाकडाचा सांगाडा उभा राहिला आणि त्याच्या आडोशाला माणसं वाचली. आपाच्या घरी ढेलजेची सागवानी चौकट उभी राहिली. एक तुळई तिच्यावर आदळली, चौकटीला हातभर खोच पडली, पण ती पडली नाही. आपा आणि तिची सासू त्या चौकटीखालून बाहेर आल्या. सासरे आतच राहिले.

पुढं सरकारनं बावन्न गावं दुसऱ्या जागी वसवली. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, एकसारख्या ओळी. सोप्या-अंगणाच्या वाड्यांतली माणसं त्यात मावेनात. लोकांनी पुढं पत्रे टाकले, ओट्या काढल्या, ढिगाऱ्यातलं लाकूड आणून लावलं. आपाच्या सासरच्यांनी ती चौकट आणून नव्या घराच्या दर्शनी दाराला बसवली. दारासाठी ती मोठीच झाली, भिंत फोडावी लागली. माझ्या मते सजावट ती हीच. आहे त्या भिंतीला आपल्या आठवणीएवढं मोठं करणं.

भाचीनं ईदला आल्यावर मोबाइलवर त्या चौकटीचा फोटो काढला. तो मुंबईत कुणीतरी पाहिला आणि दिवाळी अंकासाठी 'गावाकडचं घर' असं पान ठरलं. मंडळी आपाच्या घरी आली. मीही गेलो. मी कविता लिहितो, तेव्हा शब्द खोडायची सवय आहे. पण भाचीचं खोडणं पाहून थक्क झालो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गेल्या, फ्रिजवरचं विणलेलं कापड गेलं, डिशचा कार्यक्रम पाहायचा टीव्ही गेला. ओटा सारवून घेतला. पितळी घंगाळ आलं, त्यात झेंडूची फुलं तरंगू लागली. घर उजळलं, हे खोटं कसं सांगू? मग छायाचित्रकार म्हणाला, ती खोच तेवढी वाईट दिसते, त्यावर फुलांची माळ सोडू. आपा तोवर पदराआड हसत उभी होती. ती पुढं आली. म्हणाली, "बाकी सगळं झाका. ती झाकू नका."

भाचीनं माळ काढली. फोटो खोचेसकट निघाला. फोटोखाली छापायची ओळही तिनंच लिहिली. कोणत्या साली, कोणत्या पहाटे, या चौकटीखालून कोण बाहेर आलं आणि कोण राहिलं, एवढंच. अंक आला तेव्हा पानावर ओळ होती, 'जुन्या वाड्याची सागवानी चौकट.' जागा कमी पडली, असं तिला सांगण्यात आलं. तसं होतं मासिकात, कवितेच्या पानावरही होतं. ती अंक घेऊन गावी आली. आपानं चष्मा लावला, पान जवळ नेलं, लांब नेलं. म्हणाली, "चांगलं आहे. कुणाचं घर?"

भाची काही बोलली नाही. तिनं पर्समधून पेन काढलं आणि चौकटीच्या फोटोखाली आपली मूळ ओळ लिहिली, मराठीत. तो अंक आता आपाच्या दिवळीत असतो.

या कामाला मी कमी लेखत नाही. त्यात घाम आहे, नजर आहे आणि विश्वासानं वस्तू मोजून परत देणं आहे. चित्रातलं घर मेहनतीनं एका दिवसासाठी रचलेलं असतं, एवढं समजलं की आपल्या घराची लाज वाटत नाही. त्यातून घेण्यासारखंही पुष्कळ आहे. नवं आणण्याआधी जुनं काढावं. खिडकीपुढचं कपाट बाजूला सरकवावं, उजेडाला पैसे पडत नाहीत. जी वस्तू आपल्याला प्यारी आहे तिच्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी.

आणि ज्यांना हे काम करायचं आहे, त्या आपल्याकडच्या मुला-मुलींना एवढंच सांगतो. उजेड ओळखायला शिका, हिशेब चोख ठेवा, सुई-दोरा हाताळा. पण गावातून निघताना घरातल्या वस्तूंची नावं आणि त्यांच्या हकिकती बरोबर न्या. फोटोत वस्तू येईल. ती कुणाची, हे सांगणारं माणूस मात्र शेजारी उभं असावं लागतं.

सलूनमधले काका पुन्हा भेटले तेव्हा मी त्यांना लिंबांची, वायरची, बंद खोलीची सगळी हकिकत सांगितली. ते खूप हसले. मग म्हणाले, "म्हंजे चप्पल हाय म्हणा की. बरं झालं. मला वाटलं, बिचारी माणसं गेली कुठं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)